डिलाईल रोडची सवत

आमच्या ह्यांना चौऱ्याहत्तराव्या वर्षी बाई लागली, याबद्दल माझ्या मनात काडीचीही शंका उरली नव्हती. पुरावा माझ्या ट्रंकेत, साड्यांच्या खाली ठेवलेला होता. डाव्या पायाची बायकी चप्पल. तपकिरी, अंगठ्यापाशी शिवलेली.

हे ती पायात घालून घरी आले होते. उजव्या पायात स्वतःची, डाव्यात ती. संध्याकाळी मी दार उघडलं आणि माझी नजर सरळ खाली गेली.

"ही कुणाची?" मी विचारलं.

"माझी," हे म्हणाले, आणि दोन्ही चपला काढून शांतपणे टीव्हीसमोर जाऊन बसले.

पन्नास वर्षं संसार केलेल्या बायकोला इतक्या थंडपणे खोटं सांगणारा पुरुष किती निर्ढावलेला असतो, हे मला कुणी शिकवायला नको. मी आरडाओरडा केला नाही. चप्पल उचलली, फडक्याने पुसली आणि ट्रंकेत ठेवली. त्या दिवसापासून मी ह्यांच्याशी अबोला धरला. ताट वाढायची, पण आपटून. औषध द्यायची, पण टेबलावर ठेवून. तोंडातून अक्षर नाही.

माझं नाव शेवंती. हे म्हणजे जयवंत. आम्ही घोडपदेवला आमच्या मुलाकडे, निलेशकडे राहतो. चौथा मजला आहे, लिफ्ट चालू असते, घरात दोन संडास आहेत, तक्रारीला जागा नाही. सून आकांक्षा औषधांच्या दुकानात काम करते. ती बोलते कमी आणि बघते जास्त, त्यामुळे मला तिचा थोडा धाकच आहे. तसं मी तिला कळू देत नाही.

आता कुणी म्हणेल, बाई, चपलेची अदलाबदल देवळाच्या पायरीवरही होते. होते ना. पण माझ्याकडे काय एकटी चप्पल होती? रोज दुपारी साडेतीन वाजले की हे उठायचे, हातपाय धुवायचे, शर्ट बदलायचे, केसांवरून कंगवा फिरवायचे आणि "येतो" म्हणून निघायचे. परत यायचे ते दिवे लागायच्या सुमाराला. कुठे गेला होतात म्हणून विचारलं तर कधी म्हणायचे "घरी", कधी म्हणायचे "कामावर", आणि एकदा तर माझ्या अंगावर खेकसले. ह्या माणसाने गिरणीच्या संपातसुद्धा, घरात दाणा नसताना, माझ्यावर आवाज चढवला नव्हता. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

सगळ्यात मोठी खूण वेगळीच होती. एका दुपारी मी भात वाढत होते, तर हे म्हणाले, "तुम्ही जेवलात?" मला! तुम्ही! नवरा बायकोला अहो-जाहो करायला लागला की समजावं, तो दुसऱ्या कुणाला तरी लाडाने 'गो' म्हणतोय.

बाकी मग लहानसहान. दुपारी जेवल्यावर पलंगावर बसून चादरीचे धागे उपसायचे आणि त्यांच्या गाठी मारायचे. चांगल्या सोलापुरी चादरीची चाळण केली. वाटाणे आणायला खाली पाठवलं तर रिकाम्या हाताने वर. एकच गोष्ट चारचारदा विचारायची. माणसाचं मन घरात नसलं की असंच होणार.

"आई, पप्पांना एकदा डॉक्टरला दाखवू या," आकांक्षा एकदा म्हणाली. "मला हे नॉर्मल वाटत नाही."

"त्यांना कसली धाड भरलीय? विसरणारा माणूस रस्ता विसरतो. ह्यांना रस्ता पाठ आहे."

"अगं, वय झालं त्यांचं, या वयात चालायचंच," निलेश मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला. त्याचं सगळ्यावर हेच एक उत्तर. उद्या घराला आग लागली तरी म्हणेल, वय झालं घराचं.

मला इतकी खात्री कशी, ते सांगते. आमच्या कोकणात या गोष्टीला परंपरा आहे. पुरुष मुंबईला गिरणीत, बायको गावाला शेतात. पुरुष शिमग्याला नि गणपतीला यायचे, चार दिवस मिरवायचे आणि परत जायचे. मुंबईत ते कुणाबरोबर जेवतात, कुठे झोपतात, ते देवाला ठाऊक. माझ्या वडिलांनी परळला दुसरं बिऱ्हाड मांडलं होतं. सगळ्या गावाला माहीत होतं, फक्त आईसमोर कुणी बोलायचं नाही. आई त्यांच्या पत्राची वाट बघायची आणि बघता बघता एक दिवस गेली. तिला कळलेलंच नव्हतं असं लोक म्हणतात. मी तिची मुलगी आहे, मला ठाऊक आहे, तिला पहिल्या दिवसापासून कळलेलं होतं.

म्हणून माझं लग्न ठरलं तेव्हा मी सासऱ्यांच्या तोंडावर सांगितलं, मी गावाला राहणार नाही, नवऱ्याबरोबर मुंबईला जाणार. केवढा गहजब झाला! पण हे माझ्या बाजूने उभे राहिले. डिलाईल रोडला एका चाळीत दुसऱ्या माळ्यावर खोली घेतली. हे जवळच्याच गिरणीत कापडाच्या साच्यावर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला होते. बारा वर्षांपूर्वी निलेशने हा फ्लॅट घेतला तेव्हा ती खोली आम्ही एका सातारकराला देऊन टाकली. त्या खोलीत मी एकही दिवस माझ्या आईसारखी वाट बघत बसले नव्हते, याचा मला आयुष्यभर गर्व होता. आणि आता म्हातारपणी, ट्रंकेत सवतीची चप्पल.

शेवटी मी ह्यांच्या मागावर गेले. गुडघे कुरकुरत होते, पण संतापाला गुडघे नसतात. डोक्यावरून पदर ओढला आणि बऱ्याच अंतराने चालत राहिले. हे कुठेही थांबले नाहीत, कुणाला विचारलं नाही. घोडपदेव सोडलं, लालबागचा मोठा रस्ता सिग्नल बघून ओलांडला, चिंचपोकळीचा पूल चढले, उतरले आणि डिलाईल रोडला वळले. हे आमच्या जुन्या चाळीत शिरत होते.

दुसऱ्या माळ्यावर गॅलरीच्या तोंडाशी मी खांबाआड उभी राहिले. ओळखीचं कुणी दिसत नव्हतं. जुनी माणसं खोल्या विकून केव्हाच पांगली. हे सरळ आमच्याच खोलीपाशी गेले. उंबऱ्याबाहेर चपला काढल्या, आत जाऊन मोरीत पाय धुतले, खिडकीखाली भिंतीला टेकून बसले. एका बाईने त्यांच्यापुढे चहाचा कप ठेवला. ह्यांनी तो बशीत ओतला आणि भुरका मारला.

मुंबई एवढी मोठी पडलीय, पण ह्यांना सवत ठेवायला माझीच जुनी खोली सापडली! आणि बाई कशी? मला वाटलं होतं कुणीतरी तरणीताठी असेल. ही पिकल्या केसांची, चष्मेवाली, माझ्याहूनही म्हातारी. त्याचा तर मला जास्तच राग आला.

एक पाऊल पुढे टाकलं असतं तर तिथेच झिंज्या उपटल्या असत्या. टाकलं नाही, कारण मला ह्यांचा चेहरा दिसला. कितीतरी महिन्यांत मी तो तसा पाहिला नव्हता. सैल, निवांत, घरी पोचलेल्या माणसाचा. आमच्या घोडपदेवच्या घरात हे असे कधीच बसत नव्हते. मला माझी आई आठवली आणि मी मागे फिरले. पुलावर कठड्याला धरून थोडी रडले. लोक बघत होते, बघू देत.

घरी येऊन मी ट्रंक बाहेर ओढली. संध्याकाळी निलेश आणि आकांक्षा आल्यावर जाहीर केलं, "मी गावाला चालले. कायमची. तुझ्या बापाने डिलाईल रोडला बाई ठेवलीय."

निलेश हसला. तो हसला नसता तर बरं झालं असतं, कारण मग मी जे काही बोलले ते सुनेसमोर बोलायला नको होतं.

आकांक्षा हसली नाही. तिने माझ्याकडून सगळं नीट ऐकून घेतलं. चप्पल हातात घेऊन बघितली. मग म्हणाली, "आई, तुम्ही जा गावाला. मी स्वतः तिकीट काढून देते. पण त्याआधी पप्पांना घेऊन माझ्याबरोबर डॉक्टरकडे चला. आत्ता मला सांगितलंत ते सगळं तिथे सांगा."

"डॉक्टरला काय बाई कळणार आहे?"

"असली तर कळेल," ती म्हणाली.

परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात विसरणाऱ्या माणसांची वेगळी ओपीडी असते, हे मला तेव्हा समजलं. डॉक्टर मानसी म्हणून एक तरुण बाई होत्या. पहिल्या खेपेला त्यांनी ह्यांना तपासलं, रक्त काढायला लावलं आणि मेंदूचा फोटो काढायला पाठवलं. म्हणाल्या, कधी कधी बी-ट्वेल्व्ह किंवा थायरॉइडमुळेही माणूस विसरायला लागतो, आणि ते औषधाने सुधारतं, म्हणून आधी ते बघायचं. तसं काही निघालं नाही. दुसऱ्या खेपेला त्यांनी आम्हा सगळ्यांना बसवून ह्यांना प्रश्न विचारायला घेतले.

आज वार कोणता, हे ह्यांना सांगता आलं नाही. आंबा, खुर्ची, रुपया हे तीन शब्द लक्षात ठेवा म्हणाल्या. थोड्या वेळाने विचारलं तर, कसले शब्द? मी मनात म्हटलं, नाटक. मग त्यांनी कागदावर घड्याळ काढायला सांगितलं. ह्यांनी गोल काढला आणि सगळे आकडे एकाच बाजूला कोंबले. बारापर्यंत पोचले तेव्हा जागाच उरली नाही. हे त्या कागदाकडे बघत राहिले. कुठेतरी चुकलंय हे त्यांना कळत होतं, काय ते कळत नव्हतं. कपाळावर घाम आला. नाटक करणाऱ्याला असा घाम फुटत नाही. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

"आजी, तुम्हाला यांच्यात काय बदल जाणवतो?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

भीती वाटली तरी जिभेला लगाम लागला तर ती मी कसली. पिशवीतून चप्पल काढली आणि त्यांच्या टेबलावर ठेवली. "ह्यांना बाई आहे," म्हटलं आणि अथपासून इतिपर्यंत सगळं सांगितलं. निलेशने कपाळावर हात मारून घेतला. डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची वळवली आणि ह्यांच्या डोळ्यांत बघत, सावकाश विचारलं, "आजोबा, दुपारी साडेतीनला तुम्ही कुठे जाता?"

"सुटी झाली की घरी."

"कसली सुटी?"

"पहिल्या पाळीची," हे म्हणाले. एवढंही ठाऊक नाही का, असा चेहरा. गिरणीची पहिली पाळी सकाळी सातला लागायची आणि दुपारी साडेतीनला सुटायची. ती गिरणी बंद पडूनच जमाना झाला.

"आणि घर कुठे?"

"डिलाईल रोड."

"घरी कोण असतं?"

हे चक्क लाजले. मान खाली घालून म्हणाले, "मंडळी. शेवंता. नुकताच लगीन झालाहा."

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "मग तुम्हाला चहा कोण देतं?"

"शेजारीण. शेवंता पाण्याक जाता ना खाली, म्हणान ती देता."

"आणि ह्या कोण?" त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग कुजबुजल्यासारखं म्हणाले, "कामावरच्या."

हा आजार अल्झायमर, असं डॉक्टरीणबाईंनी आम्हाला सांगितलं. निलेशकडे बघून म्हणाल्या, वय झालं म्हणून असं होत नाही, हा मेंदूचा आजार आहे. त्यात नव्या आठवणी आधी जातात, जुन्या मागे राहतात. मला ते लगेच समजलं. ट्रंकेतल्या वरच्या साड्या हाताला लागून आधी विरतात, तळाशी घडी घालून ठेवलेली लग्नातली साडी तशीच्या तशी राहते. ह्यांच्या वरच्या घड्या विरल्या होत्या. घोडपदेवचं घर, लिफ्ट, नातेवाइकांची लग्नं, माझे पांढरे केस, सगळं. तळाशी डिलाईल रोडची खोली उरली होती. सकाळी हे बरे असतात, मला नावाने हाक मारतात. दुपार झाली की त्यांना वाटतं आपण गिरणीत आहोत. म्हणूनच ते चादरीचे तुटके धागे जोडत बसतात, आणि साडेतीन वाजले की घरी निघतात.

"म्हणजे आमचं घर ही गिरणी," मी म्हटलं. "आणि मी कोण? जॉबर?"

जॉबर म्हणजे गिरणीत कामगारांच्या डोक्यावर बसून काम करून घेणारा. डॉक्टरीणबाईंना तो शब्द समजला नसावा, पण त्या म्हणाल्या, "असेल तसंच काहीतरी."

"आणि रोज घरी जातात ते माझ्याकडे?"

"तुमच्याकडेच, आजी."

मला हसू आलं. आधी बारीक आलं, मग आवरेना. डोळ्यांतून पाणी आणि तोंडाने हसू. बाई नव्हती! माझी सवत मीच होते, वीस वर्षांची, दोन वेण्या घालणारी. जगाने ह्यांच्या डोक्यातून सगळं उपसून नेलं तरी हा माणूस पूल चढून, पूल उतरून रोज माझ्याचकडे जात होता. माझ्या आईच्या वाट्याला आलं ते माझ्या वाट्याला आलं नव्हतं.

"आई, तुला कळलं का डॉक्टर काय म्हणतायत?" निलेशचा आवाज चिरकला होता. "हा बरा होणारा आजार नाही."

"कळलं रे," मी म्हटलं. "बाई नाही."

मला सगळं कळलं होतं. औषधाने थोडा जोर कमी होईल, पण उतार पडणार नाही, हे डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलल्या. ह्यांना रस्ता पाठ आहे तो पायांना, डोक्याला नाही, आणि एक दिवस पायही चुकतील, तेव्हा यापुढे एकट्याला सोडायचं नाही. मनगटात नाव नि फोन नंबर असलेलं कडं घालायचं. ओळखा पाहू मी कोण, अशी परीक्षा घ्यायची नाही. खोटं पाडायचं नाही, वाद घालायचा नाही. दिवसाचा क्रम ठरलेला ठेवायचा, हाताला काम द्यायचं. आणि मला म्हणाल्या, आठवड्यातून अर्धा दिवस तुम्हीही सुटी घ्यायची, नाहीतर आधी तुम्ही आजारी पडाल. वाद घालायचा नाही, हे सोडून बाकीचं मला जमण्यासारखं होतं.

घरी आल्यावर मी शिरा केला. नवऱ्याला असाध्य रोग निघाला म्हणून गोडधोड करणारी बाई अख्ख्या मुंबईत मीच असेन. निलेश वाटी हातात धरून रडला. आकांक्षाने माझ्या पाठीवरून हात फिरवला, आणि मला तिचा धाक वाटेनासा झाला. मी अबोला सोडला तो असा सोडला की विचारू नका. चादरीऐवजी एका जुन्या गोणपाटाचा तुकडा ह्यांच्या हातात दिला, धागे जोडा म्हटलं, आणि शेजारी बसून सकाळ-संध्याकाळ तोंडाचा पट्टा चालू ठेवला. दुपारी आमच्यापैकी कुणीतरी ह्यांच्याबरोबर जायचं, चाळीच्या जिन्याखाली थांबायचं आणि परत आणायचं. दोन आठवडे असे गेले. मी मात्र वर गेले नाही. ज्या बाईच्या झिंज्या उपटायला निघाले होते तिच्यापुढे कोणत्या तोंडाने उभी राहू?

मग एका सकाळी ह्यांना आकांक्षाजवळ ठेवून मी चप्पल पिशवीत घातली आणि एकटीच गेले.

दारात मला बघून ती बाई चष्मा सारखा करत म्हणाली, "कोण पाहिजे?"

"मी शेवंती," म्हटलं. "तुमच्याकडे चहाला येतात त्यांची बायको."

तिने तोंडावर हात ठेवला. "अगं बाई! आम्ही तर समजत होतो तुम्ही वारलात!"

त्यानंतर आम्ही दोघी किती हसलो ते सांगण्यात अर्थ नाही. तिचं नाव राधाबाई. मुलगा बुद्धभूषण नोकरीला, दिवसभर ती एकटी. सातारकराकडून त्यांनी खोली घेतली होती. आमचा देव्हारा होता त्या भिंतीवर आता बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो होता, दोन्ही लख्ख पुसलेले. मोरी, खिडकी, कडीचा आवाज, बाकी सगळं तसंच होतं.

"पहिल्या दिवशी मी घाबरलेच हो," राधाबाई सांगू लागली. "अनोळखी बाबा घरात घुसून पाय धुतोय म्हणजे काय! ओरडणारच होते, तर मला विचारतात, शेवंता खंय? इतक्या मायेनं विचारलं ना, की माझ्या तोंडातून निघून गेलं, पाण्याला गेली, येईल. तर हे एकदम निवांत बसले. मला वाटलं, बायको गेलेली दिसते बिचाऱ्याची. एक कप चहानं माझं काय जाणारे? तेव्हापासून रोज येतात, रोज विचारतात, मी रोज पाण्याला पाठवते तुम्हाला."

अंधारात मारलेला तिचा दगड नेमका लागला होता. आमच्या चाळीत तेव्हा नळाला दुपारीच पाणी यायचं आणि हे पाळीवरून यायचे तेव्हा मी खरोखरच खाली रांगेत असायची. मी तिची चप्पल तिला परत दिली. ती म्हणाली, "मी घरभर शोधली, शेवटी दुसरीपण टाकून दिली." मग पुन्हा हसलो. त्या घरातून निघताना मी विचारलं, "शनिवारी दुपारी मी आधीच इथे येऊन बसले तर चालेल?"

"विचारताय काय?" राधाबाई म्हणाली. "तुमचंच घर आहे."

शनिवारी निलेशला सुटी होती. तो ह्यांच्या मागे अंतर ठेवून चालणार होता. मी टॅक्सीने आधी पोचले. राधाबाई मुद्दाम शेजारच्या खोलीत जाऊन बसली. मी स्टोव्हपाशी, म्हणजे आता तिथे गॅस आहे, पाठ करून उभी राहिले. ह्यांना वीस वर्षांची शेवंता हवी होती. दारात येऊन बघतील तर ही सत्तरीची म्हातारी. गेले घाबरून मागे तर?

चपला काढल्याचा आवाज आला.

"इलंय," हे म्हणाले.

मी वळले. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. पांढरे केस बघितले, चष्मा बघितला, आणि त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही.

"आज पाण्याक गेलंस नाय?"

"नाय," मी म्हटलं. "पाणी आज लवकर इला."

ह्यांनी मान डोलावली, मोरीत जाऊन पाय धुतले आणि खिडकीखाली बसले. मी चहा दिला आणि समोर बसले. दोन भुरके झाल्यावर ह्यांनी दाराकडे बघितलं, आवाज खाली आणला.

"शेवंता, थंय कामार एक बाई आसा."

कामावरची बाई कोण, ते मला ठाऊक होतं.

"कशी आसा?" मी विचारलं.

"बरी आसा. येळेर जेवूक घालता. पण माझ्यावांगडा बोलणा नाय." ह्यांनी कप खाली ठेवला. "माझा काय चुकला, माका कळणा नाय."

दोन आठवडे मी ह्यांच्याशी अखंड बोलत होते. त्यातलं एक अक्षर ह्यांच्यापाशी उरलं नव्हतं. माझा अबोला तेवढा उरला होता, आणि आपलं काय चुकलं हे विचारायला ह्यांना सगळ्या जगात मीच सापडले होते. मला रडू फुटणार होतं, पण वाद घालायचा नाही तसं रडायचंही नाही, असं मी ठरवलं.

"तुमचा काय्येक चुकला नाय," मी म्हटलं. "तिचीच समजूत चुकीची झाल्ली."

"तू वळाखतंस तिका?"

"वळाखतंय. तोंडाची फाटकी आसा, पण मनान वायट नाय. मी सांगतंय तिका. सोमवारपासून बोलात ती तुमच्यावांगडा."

"नक्की?"

"नक्की."

ह्यांनी मोठा श्वास सोडला. खांदे खाली आले.

"मगे बरा," हे म्हणाले, आणि उरलेला चहा बशीत ओतून बशी माझ्यापुढे सरकवली.